गोड ज्वारीचा पैसा गावातच राहावा म्हणून: क्वाझुलू-नातालच्या छोट्या शेतकऱ्यांसोबत काम करणाऱ्यांसाठी

मी मूळची मंगळवेढ्याकडची, त्यामुळे ज्वारी लहानपणापासून डोळ्यासमोर. गेली काही वर्षं दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांतात, थुकेला नदीच्या कोरड्या खोऱ्यात, छोट्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या गटांबरोबर काम करतेय. गटात बहुतेक बायकाच आहेत, आणि त्यातल्याही निम्म्या आज्जी. त्यांना इथे गोगो म्हणतात. आपल्याकडची अ‍ॅग्रीची पोरं इथे कामाला येतात, काहीजण मेसेज करून विचारतात की ताई, बायोफ्युएलचं, म्हणजे ज्यापासून इंधन बनवता येतं असं देशी पीक लावून या लोकांना चार पैसे मिळतील का, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते, मोठं होणारे पण निवांत वाचा.

आधी पीक कुठलं ते बोलू, कारण निम्मे प्रोजेक्ट इथेच चुकतात.

मोगली एरंड म्हणजे जट्रोफा आठवतोय ना, २००३ नंतर आपल्याकडे पडीक जमिनीवर केवढा गाजावाजा करून लावला होता. तो मुळात मध्य अमेरिकेतला. पडीक रानात पाणी-खत न देता भरघोस तेल देतो असं सांगितलं गेलं, आणि प्रत्यक्षात पाणी-खत न दिल्यावर बियाच येईनात. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने २००७च्या डिसेंबरमध्ये बायोफ्युएलचं धोरण आणलं त्यात जट्रोफा बाहेर ठेवला, आणि मकाही बाहेर ठेवला कारण मका इथलं मुख्य अन्न. हे दोन्ही निर्णय मला पटतात. दुसरा मोह पडतो तो मरूला झाडाचा, झुलूत उमगानू. झाड देशी आहे, बीच्या गरात तेलही आहे, पण ते तेल कॉस्मेटिकवाले चढ्या भावाने घेतात, ते जाळायला देणं म्हणजे साजूक तुपाचा दिवा लावून भाकरी कोरडी खाण्यासारखं. शिवाय देशी वनस्पतीचा असा व्यापारी वापर करायचा तर २००४च्या जैवविविधता कायद्याखाली परवाना आणि समाजासोबत लाभवाटपाचा करार लागू शकतो, तो रस्ता वेगळा आहे आणि लांबचा आहे.

माझं मत विचाराल तर इथलं खरं पीक ज्वारी. धान्याच्या ज्वारीला झुलूत अमाबेले म्हणतात आणि जिची ताटं ऊसासारखी चघळतात त्या गोड ज्वारीला इम्फे. ज्वारी आफ्रिकेचीच लेक, आपल्याकडे ती हजारो वर्षांपूर्वी इथून आली. लिम्पोपोच्या काठावर मापुंगुब्वेला तेराव्या शतकात जे राज्य होतं तिथले लोक ज्वारी-बाजरी पिकवायचे. आणि इम्फेचं तर असं की १८५०च्या दशकात लिओनार्ड रे नावाचा एक इंग्रज मळेवाला याच नातालमधून इम्फेचे डझनभर वाण गोळा करून घेऊन गेला आणि ते पुढे अमेरिकेत पोचले, तिकडे ज्वारीच्या काकवीचा धंदा वाढला त्यात या बियाण्याचा वाटा आहे. ज्या बायकांच्या पणज्यांनी ते बियाणं जपलं त्यांच्याकडे त्यातलं काही आलं नाही. म्हणून मला यात पडावंसं वाटलं, हे आधीच सांगून टाकते.

आता एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. इंधन हे या पिकाचं शेवटचं गिऱ्हाईक. पहिलं गिऱ्हाईक म्हणून इंधन धरलं की शेतकरी बुडतो.

बियाणं घ्यायच्या आधी उलटा हिशोब

मी गटासमोर हा हिशोब शेणाने सारवलेल्या अंगणात काडीने रेघा ओढून मांडते, तुम्हीही तसंच करा, लॅपटॉप काढू नका.

एक हेक्टर पावसाळी गोड ज्वारी, बरी साधली तर समजा २० टन हिरवी ताटं. छोट्या तीन रोलरच्या चरकातून वजनाच्या ४० टक्के रस निघतो, म्हणजे ८ टन. रसाचा ब्रिक्स १५ धरा, म्हणजे १०० किलो रसात १५ किलो विरघळलेला माल, त्यातली बहुतेक साखर. ८ टनात १,२०० किलो. त्याचं इथेनॉल केलं तर आंबवण्यात-उकळण्यात जे जातं ते जाऊन साडेपाचशे ते सहाशे लिटर. त्याच रसाची काकवी केली तर मळी वगैरे जाऊन १,३०० किलोच्या आसपास.

पुढचे भाव फक्त रीत कळावी म्हणून धरलेत, तुमच्या भागात विचारून बदला. समजा इथेनॉल १५ रँड (इथलं चलन) लिटर. ५७० लिटरचे ८,५५० रँड. यातलं निम्मं कारखान्याचा खर्च आणि नफा, उरलं सव्वाचार हजार, त्यातून ताटांची ट्रक, तोडणी, पाला काढायची मजुरी. हेक्टरमागे शेतकऱ्याच्या हातात काय राहिलं ते तुम्हीच बघा. आता काकवी समजा २० रँड किलो धरली तरी २६,००० होतात, सरपण आणि मजुरी वजा करून पण ती गावात राहते. शिवाय वर टनभर दाणे, आणि जूनपासून पुढे रानात गवत वाळून गेल्यावर कडबा. कडब्याची किंमत मंगळवेढ्याच्या माणसाला सांगायला नको.

मग इंधन कशाला, असं वाटेल. इंधन यासाठी की काकवीचा बाजार छोटा असतो, एका गटाने केली तर खपते, दहा गटांनी केली की भाव पडतो, तिथे जास्तीचा रस, पावसाने ब्रिक्स पडलेली ताटं, करपलेली काकवी हे सगळं घ्यायला कुणीतरी पाहिजे. तो तळाचा भाव म्हणजे इथेनॉल. सरकारच्या भरवशावर मात्र राहू नका. २००७च्या धोरणात देशाच्या इंधनात २ टक्के बायोफ्युएल, म्हणजे वर्षाला सुमारे ४० कोटी लिटर, असं लक्ष्य होतं आणि ते मुख्यतः जुन्या होमलँडमधल्या, म्हणजे वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांना नेमून दिलेल्या पट्ट्यातल्या, पडून असलेल्या जमिनीवरच्या शेतकऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून. २०१२ला मिश्रणाचे नियम निघाले, १ ऑक्टोबर २०१५पासून सक्ती होणार म्हणून जाहीर झालं, तारीख आली आणि गेली, मग २०२०ला नवीन नियामक चौकट छापून आली. तोपर्यंत वाट बघणारी माणसं म्हातारी झाली. ज्यांनी "पुढच्या वर्षी कारखाना येणार" या शब्दावर बी पेरलं त्यांचं काय झालं असेल ते सांगायची गरज नाही.

एकाच गिऱ्हाइकाचं अजून एक उदाहरण. लिम्पोपो प्रांतात मार्बल हॉलजवळ सोलारिस नावाची निकोटिन नसलेली तंबाखू लावली, तिच्या बियांच्या तेलापासून विमानाचं इंधन बनवलं आणि जुलै २०१६मध्ये जोहान्सबर्ग ते केपटाऊन विमान उडालंसुद्धा. कौतुकाचीच गोष्ट होती. पण २०१९च्या डिसेंबरला ते विमान उडवणारी सरकारी विमान कंपनी, साउथ आफ्रिकन एअरवेजच, दिवाळखोरीतून वाचवायच्या प्रक्रियेत गेली. घेणाराच अडचणीत आला तर पिकाने करायचं काय. म्हणून माझा नियम असा की किमान तीन तऱ्हेचे घेणारे नावानिशी ठरल्याशिवाय गटाला बी घेऊ द्यायचं नाही: एक दाण्याचा (इथे ज्वारीची बिअर, उमकोम्बोथी, घरोघरी होते, माल्टवाले असतात), एक काकवीचा किंवा चघळायच्या ताटांचा, एक जास्तीच्या रसाचा.

जमीन कुणाच्या नावावर आहे ते बघा, मग पुढे

हा भाग घाईत उरकू नका. १९१३च्या कायद्याने देशातल्या कृष्णवर्णीयांना सुमारे ७ टक्के जमिनीत कोंडलं, १९३६ला ते १३ टक्क्यांच्या आसपास गेलं, आणि आज आपण ज्या गावात काम करतो ती त्याच कोंडलेल्या पट्ट्यातली. क्वाझुलू-नातालमध्ये सुमारे २८ लाख हेक्टर इंगोन्यामा ट्रस्टच्या नावे आहे, विश्वस्त झुलू राजा. लोकांकडे सातबारा नाही. वहिवाट आहे, इंदुनाने म्हणजे गावच्या मुखत्याराने दाखवलेली हद्द आहे, कुणाकडे "परमिशन टू ऑक्युपाय" नावाचा जुना कागद आहे.

अशा वेळी एखादी कंपनी किंवा भल्या मनाची संस्थासुद्धा म्हणते, आधी जमिनीचा लीज करून घ्या, मग बँक कर्ज देईल. थांबा. जून २०२१ला पीटरमारित्झबर्गच्या हायकोर्टाने निकाल दिलाय की ट्रस्टने लोकांचे हक्क काढून त्यांच्याकडून भाडेपट्टे करून घेतले ते बेकायदेशीर होतं. ज्या जमिनीवर माणूस पिढ्यानपिढ्या कसतोय तिथे त्याने भाडेकरू म्हणून सही का करावी. १९९६चा एक कायदा आहे, अनौपचारिक जमीनहक्कांना संरक्षण देणारा, त्याप्रमाणे त्या माणसाच्या संमतीशिवाय हा हक्क काढून घेता येत नाही. हे गटाला झुलूत समजावून सांगा, दोनदा सांगा. आणि कागद करायचाच तर एवढाच: कोण कुठला तुकडा कसतंय, त्याचा हाताने काढलेला नकाशा, शेजाऱ्यांच्या आणि इंदुनाच्या सह्या. बाई कसत असेल तर नाव बाईचंच, जोहान्सबर्गला खाणीत गेलेल्या नवऱ्याचं किंवा दिराचं नाही. यावर वाद होतो, होऊ द्या, पेरणीच्या आधी झालेला बरा.

अजून एक, जे मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नाही. पीक निघाल्यावर हिवाळ्यात सगळ्या गावाची जनावरं शेतात मोकळी सोडायची पद्धत आहे, इंदुना तारीख जाहीर करतो. तुमची उशिरा पेरलेली ताटं त्या तारखेला उभी असतील तर गायींनी खाल्ली म्हणून तक्रार करायला जागा नाही. तारीख आधी विचारा.

गट: भिशीपासून सुरू करा

इथे स्टॉकवेल असतो, अगदी आपल्या भिशीसारखा, महिन्याला पैसे जमा, पाळीपाळीने उचल, शिवाय मयतीचा वेगळा फंड. ज्या बायका दहा वर्षं एकमेकींच्या पैशाला जागल्यात त्यांचाच गट करा, नवीन यादी काढून माणसं जमवू नका. सहकारी संस्था नोंदवायला २००५च्या कायद्याप्रमाणे किमान पाच व्यक्ती लागतात. नोंदणी पहिल्या हंगामानंतर केली तरी चालते, आधी एकत्र कामाची सवय लागू द्या. नांगरट-खुरपणीला इलिमा असते, सगळ्यांनी एकाच्या रानात राबायचं आणि त्याने जेवण-बिअर द्यायची. आपली इर्जिक. ती वापरा, मजुरीचा खर्च खूप वाचतो.

पेरणी ते कणसं

बियाणं बाहेरून मागवायच्या आधी गोगोंच्या घरात चुलीवर धुरात टांगलेली कणसं बघा. इम्फेचे ८-१० प्रकार एका गावात मिळतात, कुणी लाल दाण्याचं, कुणी काळ्या बोंडाचं. पहिल्या वर्षी प्रत्येकाच्या दोन-दोन ओळी लावा, ब्रिक्स मोजा, गोड आणि न लोळणारे दोन वाण पुढे न्या. निवडलेल्या झाडांच्या कणसांना फुलोऱ्याआधीच कागदी पिशवी बांधा, कारण शेजारी अमाबेले असेल तर परागीकरण होऊन गोडी पातळ होते. हे बियाणं गटाचं, गटाच्या रजिस्टरमध्ये लिहा की कुठल्या घरातून आलं. पुढे कुणी कंपनी "नमुना" मागायला आली तर लेखी कराराशिवाय मूठभरही द्यायचं नाही, लिओनार्ड रेची गोष्ट तिथे सांगा.

हंगाम आपल्या उलटा आहे. आमच्याकडे मंगळवेढ्याला रब्बीची ज्वारी ओलीवर येते, सप्टेंबर-ऑक्टोबरला पेरली की काळ्या मातीच्या जिवावर वाढते. इथे उन्हाळ्यात पाऊस, जमीन हलकी, पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबर अखेर, चांगली दोन बोटं ओल गेल्यावरच. ओळीत ७५ सेंटिमीटर, दोन झाडांत १५, हेक्टरी ८ किलो बी पुरतं, विरळणी मात्र तीन आठवड्यांत केलीच पाहिजे, दाट राहिली की ताट बारीक पडतं आणि रस निघत नाही. जमीन बऱ्याच ठिकाणी आम्ल आहे, माती तपासून चुना टाका. गोठ्याचं जुनं खत हेक्टरी ५ टन. युरिया हात आखडून द्या, जास्त नत्राने ताट हिरवंगार दिसतं पण लोळतं आणि साखर कमी भरते.

टारफुला इथे पण आहे, आपल्याकडे फुलं पांढरी, इथे लाल, दिसायला सुंदर आणि ज्वारीच्या मुळातून रक्त पिणारा. फुलायच्या आत उपटायचा, एका झाडाच्या हजारो बिया मातीत वर्षानुवर्षं राहतात. चवळी आलटून-पालटून घेतली तर जोर कमी होतो. पोंग्यात अमेरिकन लष्करी अळी बघा, ती दक्षिण आफ्रिकेत २०१७ला आली आणि आपल्याकडे २०१८ला. आणि पाखरं. लाल चोचीच्या क्वेलियाचा थवा आला की आकाश भरल्यासारखं दिसतं, तासाभरात रान मोकळं. शाळेतून आल्यावर पोरं माळ्यावर बसतात आणि डबे वाजवतात, मी त्यांना गोफण शिकवली, आता ती माझ्यापेक्षा चांगली फेकतात. सगळ्यांनी मिळून लागोलाग पेरलं तर पाखरांचा मार वाटला जातो, एकट्याचा तुकडा असेल तर सगळा मार त्याच्यावर.

जनावरांबद्दल एक सूचना: कोवळी किंवा पावसाने ताण दिलेली ज्वारी खाल्ली की किराळ लागतं, म्हणजे विषबाधा होते, गाय तासाभरात जाऊ शकते. फुलोऱ्याआधीच्या रानाला कुंपण नसेल तर राखण ठेवा. तोडणीनंतर फुटलेले धुमारे पण तसेच विषारी, ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

चरकाचा वेग बघून पेरा

हे मी स्वतः चुकून शिकले म्हणून सविस्तर लिहिते.

गोड ज्वारी तोडली की ताटातली साखर थांबत नाही. पहिल्या दिवशी गाळली तर गाळली, ४८ तासांनी निम्मी मजा गेलेली. आमच्या दुसऱ्या हंगामात एका घेणाऱ्याने ताटं थेट घेतो, ट्रक पाठवतो असं कबूल केलं. लेखी काही नव्हतं. इलिमा बोलावून चार दिवसांत बायकांनी दोन हेक्टर तोडलं, पाला काढला, मोळ्या बांधून रस्त्याकडेला रचल्या. ट्रक त्या दिवशी आली नाही, दुसऱ्या दिवशी फोन की रस्ता ओला आहे, तिसऱ्या दिवशी फोन उचलला नाही. मी रोज सकाळी त्याच ढिगातलं एक ताट घ्यायचे, मधल्या पेराचा तुकडा पक्कडीत दाबून एक थेंब ब्रिक्समीटरच्या काचेवर, झाकण बंद, उजेडाकडे धरायचं आणि निळ्या-पांढऱ्याची रेघ कुठे येते ते बघायचं. तोडल्या दिवशी रेघ १७वर. पुढच्या सकाळी १५. तिसऱ्या सकाळी मोळी उघडली तर ताडीसारखा आंबूस वास आणि माशा. ज्या गोगोच्या अंगणात आम्ही बसायचो तिने ताट दाताने सोललं, चघळलं, थुंकलं आणि म्हणाली, म्न्टानामी (माझ्या लेकरा), हे आता डुकरांचं. तिने मला दोष दिला नाही. तो मात्र माझाच होता.

तेव्हापासून ट्रकची वाट बघायची नाही, चरक गावातच पाहिजे असं ठरलं. ताटात ७० टक्क्यांच्या वर पाणी असतं, ८० किलोमीटर ट्रकमध्ये ते पाणी वाहून नेण्यात कुणाचाच फायदा नाही. हा विचार नवीन नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने मेडक जिल्ह्यात इब्राहिमबाद गावात असंच विकेंद्रित गाळप केंद्र करून बघितलं होतं, गावात गाळायचं, काकवी करायची आणि काकवी डिस्टिलरीला द्यायची. आणि आपल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तर कित्येक वर्षं गोड ज्वारीवर काम केलंय, त्यांचा मधुरा वाण, त्याची काकवी, इतकंच काय कमी तीव्रतेच्या इथेनॉलवर चालणारी शेगडी पण. इथे गरीब घरांत रॉकेलच्या स्टोव्हने झोपड्या पेटतात, म्हणून मला ती शेगडी फार महत्त्वाची वाटते.

आता वेगाचा हिशोब. छोटा डिझेल चरक तासाला अर्धा टन गाळतो, दिवसाचे ७ तास धरले तर साडेतीन टन. एका हेक्टरच्या २० टनांना जवळपास ६ दिवस. म्हणजे एक चरक ४० दिवस चालवला तर साडेसहा हेक्टर, त्याच्या वर एक गुंठाही नाही. म्हणून सगळ्यांनी एका दिवशी पेरायचं नाही, ४ टप्पे पाडायचे, १० दिवसांच्या अंतराने. पाखरांसाठी मी वर एकत्र पेरा म्हटलं आणि इथे टप्पे म्हणतेय, हा पेच आहेच, उपाय एवढाच की एका टप्प्यातले तुकडे शेजारी-शेजारी घ्या. टप्पे कुणाला कुठले ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर शेवटच्या टप्प्यावर नेहमी विधवा बाईच येते.

तोडणीची वेळ: दाणा चिकातून पुढे जाऊन कडक होतो, हुरड्याची वेळ सरते आणि दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका येतो तेव्हा गोडी भरलेली असते. एका रानातली दहा ताटं मोजा, सरासरी १५च्या वर असेल तर कणसं आधी खुडा, वाळत घाला, आणि तेवढीच ताटं तोडा जेवढी चरक उद्यापर्यंत गाळेल.

काकवी करताना गुऱ्हाळ बघितलेल्याला सोपं जाईल. रस कापडातून गाळून दोनेक तास निवळू द्या, यात स्टार्च असतो तो खाली बसतो, नाहीतर काहिलीत चिकट होतो. मग मंद आचेवर, वर येणारी हिरवट मळी सतत काढत. आपल्याकडे रानभेंडीचा चिकट रस घालतात तसं इथेही भेंडी चालली. शेवटी १०८ अंशांच्या आसपास उतरवा. याचा गूळ नीट बसत नाही, साखरेचा प्रकार वेगळा आहे, त्यामुळे ढेपेच्या नादी लागू नका. सरपण म्हणून वाळलेली चिपाडं पुरतात, म्हणून पहिले दोन दिवस सोडले तर लाकूड तोडायला लागत नाही.

इंधनाची बाजू आणि कागद

गावात भट्टी लावून इथेनॉल विकायचा मोह टाळा. परवान्याशिवाय अल्कोहोल उकळून विकणं गुन्हा आहे, महसूल खात्याकडे अबकारी नोंदणी लागते आणि गाडीत घालायचं इंधन बनवायचं तर पेट्रोलियम उत्पादनांच्या नियंत्रकाचा परवाना पण. छोट्या गटाने हे डोक्यावर घेऊ नये. गटाने रस किंवा पातळ काकवी विकावी, उकळणं परवानेवाल्याने करावं.

त्याच्याशी करार करताना या गोष्टी सोडू नका: भाव नुसत्या टनावर नाही तर ब्रिक्सवर, मोजणी गावात दोघांच्या समोर आणि ब्रिक्समीटर गटाकडे पण, ठरल्या दिवशी माल उचलला नाही तर तिसऱ्या दिवशीपासून भरपाई किती रँड ते आकड्यात, पैसे १४ दिवसांत, खत-बियाणं उधार दिलं असेल तर त्याची किंमत पेरणीआधी लिहून, हंगामाअखेर पावती दाखवून नाही. करार झुलूत. इंग्रजी प्रत जोडा हवं तर, पण सही झुलू कागदावर आणि सहीआधी गटातल्या एका मुलीने तो मोठ्याने वाचायचा. आमच्याकडे मॅट्रिक झालेली एक नात वाचते, ती मध्ये थांबून म्हणाली की इथे "माल नाकारण्याचा अधिकार" लिहिलंय पण कारण लिहिलेलं नाही. तो कलम आम्ही बदलून घेतला. दोन वकिलांच्या नजरेतून सुटला होता.

कृष्णवर्णीय पुरवठादारांकडून खरेदी केली की कंपन्यांना २००३च्या सक्षमीकरण कायद्याखाली गुण मिळतात. म्हणजे घेणाऱ्यालाही तुमच्या गटाची गरज असते, भावाच्या बोलणीत हे हत्यार आहे. मात्र कुणी नुसतं नाव वापरायला गट मागत असेल, भागीदारीचा कागद पुढे करत असेल आणि हिशोबाच्या वह्या दाखवत नसेल तर नम्रपणे निरोप द्या.

पैशाची वाटणी

ताटं आणली त्या दिवशी किलो आणि ब्रिक्स वहीत, शेतकऱ्याची सही किंवा अंगठा, आणि निम्मे पैसे आठवड्यात. बाकीचे काकवी विकल्यावर. चरकावर राबणाऱ्यांची मजुरी रोजच्या रोज, ती थकली की दुसऱ्या दिवशी चरक बंद. दर किलो काकवीमागे थोडे पैसे चरकाच्या दुरुस्तीला बाजूला काढा, रोलरची बेअरिंग ऐन मार्चमध्येच जाते आणि स्पेअर डर्बनहून यायला चार दिवस लागतात, म्हणून एक बेअरिंग आधीच आणून तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवा. अनुदानावर चरक आला असेल तर कुणाच्या नावावर आहे ते तपासा. संस्थेच्या नावावर असेल तर प्रोजेक्ट संपला की चरक गेला, हे मी होताना बघितलंय.

पहिल्या वर्षी प्रत्येकीने पाव हेक्टरच्या वर गोड ज्वारी लावू नये असं मी हट्टाने सांगते. बाकी रानात मका, चवळी, भोपळा नेहमीसारखं. घरात खायला आहे ही खात्री असली की बाई घेणाऱ्याशी ताठ मानेने भाव करते, नसली की पहिल्या ट्रकला माल देऊन टाकते.

पेरणीआधी ऑक्टोबरमध्ये करायचं काम एवढं: तुकड्यांचे नकाशे, टप्प्यांच्या चिठ्ठ्या, माती तपासणी, चरकाचे रोलर उघडून साफ करणं, आणि धुरातल्या कणसांतून १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघणं. पाचव्या दिवशी गोणपाट उघडा. ८०च्या खाली कोंब दिसले तर दुसऱ्या घरातलं बियाणं मागा, तेही नसेल तर हेक्टरी ८ऐवजी १० किलो धरा.